शिळ्याचं बारसं

आमच्या अक्का कालच्या अन्नाचं बारसं करायच्या. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच करायच्या. रात्रीची खिचडी उरली की सकाळी पातेल्यावरचं झाकण काढायचं, नाक आत घालून मोठा श्वास घ्यायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग त्या खिचडीला नवं नाव द्यायचं. "आज बेगमवडे!" एकदा नाव ठेवलं की त्या जिनसाला कालचं म्हणायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. 'शिळं' हा शब्द त्या घरात बंद होता. बुऱ्हाणपुरातली मराठी माणसं सर्रास वापरतात तो 'बासी' हा शब्दही बंद होता. मला मात्र त्या बेगमवड्यांचा वास ओसरीवर बसल्या बसल्या यायचा आणि मी पदर नाकाला लावायची.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. इंग्रजी अमदानीतली गोष्ट आहे. मी नाशिककडची, लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले. प्रतापपुऱ्यात भाड्याच्या तीन खोल्या होत्या. भावजी मिडल शाळेत मास्तर, आमचे हे कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून, आणि सर्वांत धाकटी माझी नणंद छबू. सासूबाई गेल्या तेव्हा छबू दोन वर्षांची होती. अक्कांना मूलबाळ झालं नाही, त्यांनी छबूलाच पोटाशी धरलं होतं. घरात तशी ददात नव्हती. दोन पगार येत होते, दाणागोटा भरलेला असे. म्हणून तर मला ते कालचं खाणं समजत नसे. नसतं तर निमूट खाल्लं असतं. असून खायचं, हे कुठलं व्रत?

मी नवी नवरी, हळद अजून अंगावरची उतरायची होती. चौथ्या दिवशी माझ्या पानात एक काळपट हिरवं थालीपीठ पडलं. कालचं वांग्याचं भरीत, परवाचं वरण आणि कशाचं तरी पीठ असं एकत्र मळून ते थापलं होतं. वरून तेलानं चकाकत होतं आणि मधून वांग्याच्या बिया डोकावत होत्या. मी भाबडेपणानं विचारलं, "हे शिळं आहे का?" छबूनं जीभ चावली. भावजींचा हात पानावरच थांबला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "धाकले, कालचं भरीत कालच गेलं. हे दरबारी हाय." मी एक घास घेतला, तो गिळवेना की थुंकवेना. शेवटी पदर तोंडाला लावून मी परसात पळाले आणि ओकले. आळीतल्या बायकांनी ते पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडे गोड बातमी आहे असं सगळीकडे झालं. लग्नाला चार दिवस झाले होते! ह्यांना आठवडाभर जिनात तोंड दाखवायची चोरी झाली.

बुऱ्हाणपूरचा उन्हाळा ज्यानं पाहिला असेल त्याला सांगायला नको. सकाळचं वरण दुपारी चारला आंबतं. वैशाखात तर डावानं उचललं की वरणाला तार सुटायची. माझ्या माहेरी असलं वरण कुणी पायानंही ओलांडलं नसतं. अक्का मात्र ती तार बोटानं तोडायच्या आणि म्हणायच्या, "बिघडलं नाही वं, जरासं हट्टाले पेटलं." मग त्यात बेसन, हिरवी मिरची आणि भरपूर लसणाची फोडणी पडे, आणि तिचं नाव बादशाही कढी. भावजी ती भुरके मारून प्यायचे. मला त्या आवाजानंही मळमळायचं. बहादरपुराहून भावजींचे एक जुने विद्यार्थी केळ्यांचा घड आणून देत. सगळी केळी एकदम पिकत आणि एकदम काळी पडत. केळ्यांच्या पुऱ्या झाल्या तर मी समजू शकते, पण अक्का सालींचीही परतून चटणी करत. ती चटणी तोंडात घातली की दोरखंड चघळल्यासारखं वाटे. मी त्या दिवसांत ताजा भात आणि ताक यांवरच जगले, आणि ताकही त्याच दिवशी घुसळलेलं आहे ना, हे छबूला हळूच विचारून घेई.

नाक हा अक्कांचा खरा अधिकारी. त्या नाकानं नाही म्हटलं तर अन्न बाहेर, हो म्हटलं तर पानात. माझी अडचण अशी की ते नाक कधी नाही म्हणायचंच नाही. त्या पातेलं माझ्याही नाकाशी आणत. "पाय, काही वास येते का?" 'पाहा'ला त्या 'पाय' म्हणत. मी श्वास रोखून मान हलवायची. "तू वास घेऊनच नाही राहिली!" असं म्हणून त्या हसायच्या, आणि हसताना त्यांच्या गालाला खळी पडे. एवढी सुंदर बाई असल्या गलिच्छ कामात का पडते, असं मला त्या वेळी वाटे.

पण त्या गलिच्छ मात्र नव्हत्या. हे मला कबूल करायला पुष्कळ दिवस लागले. त्यांची भांडी अशी लखलखीत असत की त्यांत तोंड दिसावं. आणि शिळं चालवून घेणाऱ्या या बाईला उष्टं बिलकुल चालत नसे. कुणी घोट घेतलेल्या भांड्यातलं पाणीही त्या पीत नसत. भावजींनी भाकरीचा तुकडा मोडून परत ठेवला तर ती भाकरी पुन्हा दुरडीत जात नसे. "कालचं अन्न म्हातारं होते, उष्टं अन्न बाटते," असं त्या म्हणत. मला दोन्हींतला फरक कळत नव्हता. मला दोन्ही सारखीच नकोशी होती.

आळीतल्या हिंदी बोलणाऱ्या बायका होळीनंतरची शीतला पाळत. आपल्याकडची श्रावणात. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड अन्न खायचं, देवीला तोच नैवेद्य. अक्का दोन्ही पाळायच्या. वर्षातून दोन दिवस देवानंच परवानगी दिल्यावर त्यांच्या उत्साहाला काय तोटा! मी एकदा खोचून विचारलं, "अक्का, आज तरी शिळं म्हणू का?" तर म्हणाल्या, "आज तर बिलकुलच नको. आज प्रसाद हाय." आदल्या दिवशीच्या गुळाच्या पुऱ्या, दहीभात आणि वर आलेला तो आंबूस दर्प. मी त्या दोन्ही दिवशी डोकं दुखतं म्हणून निजून राहत असे.

उरलेलं मोजायची त्यांची रीत मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. शेर-पायली, वाटी-डाव असं त्या म्हणतच नसत. माणसांत मोजत. "दीड माणसाचं उरलं." "आज अर्ध्या माणसाचंच उरलं, छबूले भूक होती." एकदा मला सहन होईना. दोन दिवसांच्या भेंडीच्या भाजीत त्या कालची कढी ओतणार होत्या. बुळबुळीत भेंडी, त्यावर फुटलेली कढी! त्या देवळात गेल्या ती वेळ साधून मी ते सगळं मोरीत ओतून दिलं आणि वर दोन तांबे पाणी घातलं. त्या आल्या, रिकामं पातेलं पाहिलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती माणसाचं होतं?" मी म्हटलं, "असेल एकाचं." त्या मोरीपाशी जाऊन वाकल्या. मग म्हणाल्या, "मंग एक माणूस जेवल्याबिगर राहिला ना वं." मला राग आला. मोरीत गेलेल्या भेंडीपायी कुठला माणूस उपाशी राहतो? मी ह्यांच्यापाशी वेगळ्या चुलीचा विषय काढला तो त्याच आठवड्यात. ह्यांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

छबूला पाहायला पाव्हणे यायचे होते. तापीच्या पलीकडे खानदेशातलं मोठं घराणं, शेतीवाडी, गोठ्यात म्हशी. गावाचं आणि घराण्याचं नाव लिहीत नाही. त्या घरातली मुलं आता चांगल्या हुद्द्यांवर आहेत. पाव्हणे गुरुवारी येणार म्हणून बुधवारी रात्रीपर्यंत पुरण वाटून गुरुवारी सकाळी पोळ्या केल्या. त्यांची गाडी चुकली. ते शुक्रवारी दुपारी उगवले. मी सकाळीच पदर खोचून म्हटलं, "अक्का, डाळ शिजत घालते. ताज्या पोळ्या करू." अक्कांनी दुरडीवरचं फडकं काढलं, नाक घातलं, डोळे मिटले. मला घाम फुटला. "अक्का, आजचा दिवस नको. मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे." त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "सोनचुरी."

त्या चिवट झालेल्या पुरणपोळ्या त्यांनी हातानं तोडल्या, तुपात मंद आचेवर खमंग होईपर्यंत परतल्या, चुरल्या, वर दुधाचा हबका मारला आणि वेलची, खसखस घातली. आदल्या दिवशीचं तूप आणि आंबायला आलेलं पुरण यांचा वास माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. मी वाढताना श्वास धरून होते. छबूच्या होणाऱ्या सासऱ्यांनी तीन वाट्या खाल्ल्या. बोटं चाटली, मग वाटी चाटली. त्यांच्या मिशीला लागलेला तो चुरा पाहून मी मान वळवली. "काय म्हणता याला?" त्यांनी विचारलं. "सोनचुरी," अक्का म्हणाल्या, "आमची छबू फार छान करते." तिथल्या तिथे सुपारी फुटली. शिळ्या पोळीवर माणसाचं लग्न ठरलेलं मी तेवढंच पाहिलं. त्या रात्री अक्का केवढ्या खुशीत होत्या! मला म्हणाल्या, "पोरीनं घर चांगलं काढलं वं. म्हशीच पाच हायेत."

छबू सासरी गेली. दिवाळसणाला ती आली नाही, सासरी काम आहे म्हणून निरोप आला. संक्रांतीला आली नाही. मग फाल्गुनात तिचं कार्ड आलं. अक्कांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचलं. ती. सौ. अक्का यांस कृ. सा. न. वि. वि., इकडील सर्व क्षेम, मामंजी सोनचुरी करून मागतात. पण इथे करता येत नाही. इथे काही उरत नाही. सर्व ताजे. सासूबाई फार नेटक्या आहेत. आखाजीला येणे होईलसे वाटत नाही. तुमची आठवण येते.

मी कार्ड मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "नशीब काढलंन पोरीनं!" अगदी मनापासून म्हणाले. ज्या घरात काही उरत नाही, जिथे रोज सगळं ताजं, ते घर मला का नाही मिळालं, असा हेवाही केला. आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख वाक्यं बोलले असेन. त्या वाक्याइतकी किळस मला दुसऱ्या कशाची आलेली नाही.

अक्का म्हणाल्या, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"उरत नाही लिहिलं का उरवत नाही लिहिलं?"

"उरत नाही."

"नीट पाय."

"अक्का, स्वच्छ लिहिलंय. इथे काही उरत नाही."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "शेवटी जेवाले कोण बसते, धाकले? सासू उरवत नसती तर पोरीनं उरवत नाही लिहिलं असतं. तिले उरत नाही वं. तिच्या पानाले काही उरत नाही. कार्ड साऱ्या घरानं वाचलं असन, म्हणून असं लिहिलं." मग त्या उठल्या आणि भावजींना म्हणाल्या, "मी पोरीले आणाले जाते." भावजी म्हणाले, "बोलावणं नसताना मुलीच्या घरी कसं जायचं? आणि एका शब्दावरून?" अक्का म्हणाल्या, "आखाजीले लेक माहेरी आणाले कोणाचं बोलावणं लागत नाही." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या त्या भागात सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी येतात, आंब्याला, निंबाला झोके बांधतात आणि गावोगावच्या पोरी एकमेकींना चिडवत गाणी म्हणतात. सण अजून दोन महिने लांब होता. अक्का चौथ्या दिवशीच निघाल्या. सोबत हे होते आणि मी.

छबूच्या घरचं आदरातिथ्य काय वर्णावं! पाय धुवायला ऊन पाणी, बसायला सतरंजी. विहीणबाई ठेंगण्या, गोऱ्या, अंगावर ठसठशीत दागिने. छबू पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या बांगड्या मनगटावरून थेट कोपराकडे घरंगळल्या. तिनं त्या खाली ओढून मुठीत धरल्या. दुपारी पुरुषांची पंगत झाली. मग विहीणबाई, आम्ही दोघी आणि घरातल्या आणखी दोघी बसलो. गरम भाकरी, लोण्याचा गोळा, ताजी वाफाळती भाजी. माझं मेलीचं मन त्याही वेळी सुखावलं. अक्का म्हणाल्या, "छबूले बसू द्या ना आमच्यासंग." विहीणबाई म्हणाल्या, "तिला मागून बसायची सवय आहे."

जेवणं झाली. दुरडीत चार भाकऱ्या होत्या, पातेल्यात भात होता. विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं ते सगळं एका घमेल्यात काढलं, वर आमच्या पानांतलं खरकटंही लोटलं आणि छबूच्या हाती दिलं. "म्हशींना घालून ये." मग आमच्याकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, "आमच्याकडे शिळं ठेवायची रीत नाही. शिळं खाल्लं की सुनेला सुस्ती येते. हिच्यापुरतं नंतर टाकते मी." आणि कोठीची किल्ली कमरेला खोचून त्या वामकुक्षीला गेल्या.

नंतर काही टाकलं गेलं नाही. आम्ही घटकाभर बसलो, छबूही गोठ्यातून परतली नाही. मग अक्का उठल्या, म्हणाल्या, "चाल, म्हशी पाहू."

गोठ्यात आंबोणाचा वास होता. भिजलेली सरकी, कोंडा, शेण, सगळं उन्हात तापून आंबलेलं. मी पदरानं नाक दाबलं. आणि मग मला छबू दिसली. ती दगडी डोणीपाशी उकिडवी बसली होती. म्हशीनं तोंड घातलेल्या त्या घाणीतून ती एक भाकरी निपटून काढत होती. भाकरीला लागलेला कोंडा तिनं पदराला पुसला आणि घाईघाईनं तुकडा तोंडात कोंबला. पलीकडून म्हैस तिच्या हाताला नाक लावत होती, तिला ती कोपरानं दूर सारत होती. आयुष्यभर मी कालच्या वरणाला नाकं मुरडली, आणि किळस म्हणजे काय हे मला त्या गोठ्यात कळलं. छबूनं आमच्याकडे पाहिलं आणि भाकरीचा हात पाठीमागे लपवला. दोन वर्षांचं मूल माती खाताना सापडलं की लपवतं तसा.

अक्का तिच्याशेजारी जाऊन बसल्या. डोणीत हात घालून त्यांनी उरलेल्या भाकरीतली एक काढली. कुणी घोट घेतलेलं पाणी न पिणारी ती बाई! त्यांनी तिचा तुकडा मोडला आणि खाल्ला. चावून चावून, सावकाश, छबूकडे पाहत. मग म्हणाल्या, "मीठ कमी पडलं नाही?" छबू अक्कांच्या मांडीवर कोसळली आणि तिची पाठ नुसती हलत राहिली.

अक्का त्या भिजक्या भाकऱ्या घमेल्यात घेऊन घरात आल्या. सासरे, हे आणि छबूचा नवरा ओसरीवर पान लावत बसले होते. विहीणबाई डोळे चोळत बाहेर आल्या. अक्कांनी घमेलं ओसरीच्या मधोमध ठेवलं.

"विहीणबाई, आमच्या घरी उरलेल्या प्रत्येक जिनसाले नाव असते. याचं नाव काय ठेवलं तुम्ही?"

"कशाचं?"

"म्हशीच्या तोंडचं काढून सून खाते, त्याचं."

"तुमच्या पोरीला खोड आहे ती!" विहीणबाई कडाडल्या. "माहेरी शिळंपाकं खायची सवय लावलीत, तिला घरचं ताजं गोड कसं लागेल?"

माझी मान खाली गेली. हेच तर मी दोन वर्षं मनात म्हणत होते. अक्कांचा आवाज मात्र चढला नाही. "नाव नसन ठेवलं तर मी ठेवते. नाव ठेवाले मले चांगलं जमते, विचारा धाकलीले. आखाजी येऊन राहिली. प्रतापपुऱ्यातल्या बायका झोक्यावर बसतीन तवा तुमच्या घराचं नाव घेऊनच गाणं म्हणतीन. बुऱ्हाणपुरातून ते बहादरपुराले जाईन, तिथून तापी उतरीन, अन् पुढच्या सालापर्यंत तुमच्याच गावच्या पोरी तुमच्या दारासमोर म्हणतीन. तुमच्या दुसऱ्या लेकाले मुली सांगून येतीन ना, त्या गाणं ऐकूनच येतीन."

सासऱ्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. ते घमेल्याकडे पाहत होते. त्यांना हे ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. ज्यानं पाहायचंच नाही असं ठरवलं त्याला ठाऊक काय असणार? ते खाकरले आणि गड्याला म्हणाले, "गाडी जुंप." विहीणबाई काही बोलू लागल्या, तर त्यांच्यावर ओरडले. छबूनं नेसत्या लुगड्यानिशी उंबरा ओलांडला. तिची पेटी मागाहूनही आली नाही.

पुढे व्हायचं ते झालं. पत्रं आली, मध्यस्थ आले, भावजींना शाळेत माणसं भेटायला येऊन गेली. छबूच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. आळीतल्या बायका कुजबुजल्या. अक्का कुणाला उत्तर देत बसल्या नाहीत. मी ह्यांच्यापाशी वेगळ्या चुलीचा विषय पुन्हा काढला नाही.

घरातली अंथरुणं गुंडाळायचं काम माझ्याकडे होतं. छबू येऊन चार-पाच दिवस झाले असतील. तिची उशी उचलली तर अभ्र्यातून काहीतरी कडकडलं. हात घातला. भाकरीचे तुकडे होते. वाळून लाकूड झालेले, काहींच्या कडेला हिरवट बुरशी, आणि सगळ्यांवर लाल मुंग्यांची रांग. माझ्या बोटांवर मुंग्या चढल्या. तोंडाला पाणी सुटलं ते ओकारीचं. मी ते तुकडे फडक्यात घेऊन तरातरा अक्कांकडे गेले.

"हे बघा, उशीत काय सापडलं."

त्यांनी फडक्यात पाहिलं. "किती हायेत?"

"सात."

"सातच ठेव परत. ती मोजत असन."

"अक्का, बुरशी आलीय."

"येऊ दे."

मी मुंग्या झटकल्या आणि सातही तुकडे अभ्र्यात जसेच्या तसे ठेवले. पुढे रोज सकाळी मी मोजायची आणि अक्का मला रोज खालच्या आवाजात विचारायच्या, "आज किती?" कधी नऊ असत, कधी पाच. छबूला चार दिवस कुणी जरा वरच्या पट्टीत बोललं की बारा होत. ती आमच्यासमोर भरपूर जेवायची, आणि उठताना एक तुकडा ओच्यात घेऊन जायची. आम्ही दोघी तेव्हा दुसरीकडे पाहायचो. उशीला घाण वास येई. मी दर आठवड्याला अभ्रा धुई आणि वाळल्यावर तुकडे मोजून पुन्हा आत घाली. कुणी मला सांगितलं असतं की तू असलं काम करशील, तर मी त्याच्या तोंडावर हसले असते.

दिवाळीच्या आधी घर सारवायला काढलं होतं. छबूचं अंथरूण उचललं, अभ्र्यात हात घातला. हाताला नुसती कापसाची उशी लागली. मी गोधडी झटकली, सतरंजी उलटी केली, कोनाडा पाहिला. काही नव्हतं. बाहेर छबू न्हाऊन केस सोडून उन्हात बसली होती आणि शेजारणीशी कसल्यातरी गोष्टीवरून वाद घालत होती.

मी स्वयंपाकघरात गेले. अक्का परातीत रात्रीच्या भाकरी चुरत होत्या.

"अक्का, आज काही नाही."

"नीट पाहिलं?"

"नीट पाहिलं."

"गोधडीखाली?"

"तिथंही नाही."

त्यांचे हात परातीतच थांबले. मग त्यांनी चुरा लागलेल्या हातांनीच पदर तोंडाला लावला आणि हमसाहमशी रडल्या. नणंदेला गोठ्यातून उचलून आणताना ज्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, त्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. मलाही रडू आलं, आणि त्या इतक्या वर्षांत कधी वाटली नव्हती तेवढी माया त्यांच्याबद्दल वाटली.

थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं. "लसूण सोल," म्हणाल्या. मी लसूण सोलला. त्यांनी फोडणी केली, त्या चुऱ्यावर ओतली, ताकाचा हबका मारला आणि झाकण ठेवलं. छबूला हाक मारली. मी आपण होऊन तिसरं पान घेतलं आणि त्यांच्याशेजारी बसले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाढलं.

चव वाईटच होती. मी दोनदा मागून घेतलं.